गोळीसोबत दोन वाक्येही द्या

आज परभणीत एका औषध दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या मजुराने सर्दीवर गोळी मागितली आणि दुकानदाराने चिठ्ठीही न विचारता प्रतिजैविकाच्या पाकिटातून कात्रीने दोन गोळ्या कापून दिल्या. औषधाचे नाव, मुदत आणि चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणून छापलेली उभी लाल रेघ दुकानातच राहिली. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि त्यांच्यावर हे औषध चालत नाही. २०१४ पासून तर यातील काही औषधांची विक्री वेगळ्या वहीत नोंदवावी लागते; पण वही कोण पाहतो?

मला आई आठवली. गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत डॉक्टरांनी तिला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लिहून दिले. औषध योग्यच होते, हे मान्य करते. परंतु दिवसभर वेचून थकलेल्या आईने रात्री एका घोटात कॅप्सूल गिळली आणि लगेच अंग टाकले. पहाटे छातीत अशी आग पडली की पाण्याचा घोटही उतरेना. हृदयविकार समजून आम्ही जीप करून धावलो. ईसीजी नीट निघाला. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तेथे जखम झाली होती. भरपूर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका, एवढे कोणी सांगितले असते तर? तिचे हात-तोंडही उन्हाने भाजल्यासारखे झाले होते. आम्ही म्हणालो, गोळ्या उष्ण पडल्या. या औषधाने त्वचेला ऊन सोसत नाही, हे नंतर कळले.

बाहेर शंभर रुग्ण ताटकळत असताना डॉक्टर किती बोलणार, हेही खरे. मग दुकानदाराने सांगावे.

आपणही कमी नाही. ताप उतरला की गोळ्या बंद करतो, किंचित मळमळले तरी बंद करतो, आणि डॉक्टरांना विचारत नाही. उलट अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, तर पुढची गोळी न घेता तत्काळ दवाखाना गाठायचा असतो. तेव्हा मात्र सकाळपर्यंत वाट पाहतो. जुलाबात रक्त दिसले तरी लाजेने सांगत नाही.

आई आता कोणतीही गोळी तांब्याभर पाण्याने घेते आणि उंबऱ्यावर बसून राहते. शेजारच्या काकूंनी खोकल्यासाठी तिच्या उरलेल्या कॅप्सूल मागितल्या, तेव्हा तिने दिल्या नाहीत. काकू अजून रागावलेल्या आहेत.