‘आम्हीही सोसलंच की’ म्हणणाऱ्या काकूंना उत्तर

नमस्कार काकू,

एंडोमेट्रिओसिस या आजारात शरीरसंबंधांच्या वेळी होणाऱ्या दुखण्यावरची माझी पोस्ट तुम्ही पूर्ण वाचलीत, त्याबद्दल आधी थँक्यू. तुम्ही लिहिलंय की असल्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत, दुखणं बाईच्या जातीला आलंच, आम्हीही सोसलं, एक मूल झालं की बरं होतं, आणि मी मुलींना नवऱ्याला नाही म्हणायला शिकवतेय. तुम्ही आईच्या वयाच्या आहात, उलट बोलायचं नाहीये, पण गप्पही बसवत नाहीये.

आधी मुलाचं. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो, काहींना तोही नाही, पण आजार जात नाही. युरोपातल्या एश्रे (ESHRE) या प्रजनन-तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या गाईडलाइनमध्ये स्पष्ट आहे की निव्वळ या आजारावर इलाज म्हणून दिवस राहू द्या असा सल्ला देऊ नये. आणि मूल व्हायला जे करायचं तेच तर दुखतं ना काकू!

आता सोसण्याचं. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात, बऱ्याचदा गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, तिथे धक्का लागला की खोलवर कळ येते. बाई दातओठ खाऊन सहन करते आणि पुढच्या वेळी हात लागायच्या आधीच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून बसतात, मग सुरुवातीलाही दुखायला लागतं. माझं हेच झालं, ऑपरेशन झालं तरी हे दुखणं राहिलंच. फिजिओथेरपिस्टने मला झोपवून नुसता श्वास घ्यायला सांगितला तर माझ्या दोन्ही मुठी गच्च, अंगठे आत, आणि मला पत्ताच नाही. तिने एकेक बोट उघडलं तेव्हा मी रडले. त्याआधी मी व्हिडिओ बघून रोज कीगल, म्हणजे तेच स्नायू आवळायचा व्यायाम, करत होते, आवळलेलं आणखी आवळत होते! तिने ते बंद करून पोटाने श्वास घेत सैल सोडायला शिकवलं, फरक पडायला काही महिने गेले, पण पडला.

बाकी त्रासाचे दिवस टाळणं, किती आत हे बाईच्या हातात राहील अशी पोझिशन, भरपूर ल्युब, म्हणजे कोरडेपणा घालवणारं वंगण (खोबरेल तेल वापरलं तर लॅटेक्सचा कंडोम नको, तेलाने तो खराब होतो), आणि या आजारावरच्या डायनोजेस्ट या हार्मोनच्या गोळीने इच्छा कमी झाली किंवा कोरडेपणा आला तर लाजून न बसता डॉक्टरांना सांगणं, हे सगळं पोस्टमध्ये आहेच.

राहिलं नाही म्हणणं. मी दुखतंय हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, मला तर वाटत होतं तुला मीच नको झालोय. इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच खाटेवर वेगवेगळं रडत होतो. आता मधेच थांब म्हटलं की तो थांबतो हे मला माहीत आहे, म्हणून तर मला परत जवळ जावंसं वाटतं.

तुमची सून डॉक्टरकडे जायचं म्हणतेय असं तुम्ही लिहिलंय, तिला जाऊ द्या काकू. ‘पोटात दुखतं’ एवढ्यावर थांबू नको म्हणावं, संबंधांच्या वेळी सुरुवातीला दुखतं की आत, पाळीच्या किती दिवस आधी, सगळं लिहून ने. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असं नसतं. आणि मुलालाही तिच्याबरोबर आत पाठवा, बाहेर बाकावर बसवू नका.