बर्म्युडाच्या नावाने फिरणाऱ्या पाच थापा

'बर्म्युडा हे कॅरिबियन समुद्रातलं निर्जन, शापित बेट. पोटात ज्वालामुखी धगधगतोय. इंग्रजांनी मूळ रहिवाशांना संपवलं, तेव्हापासून जवळ आलेलं जहाज परत जात नाही.' व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर अधूनमधून उगवतोच.

निर्जन म्हणे! जेमतेम ५४ चौरस किलोमीटर जागेत साठ हजारांहून जास्त माणसं राहतात. विमा कंपन्यांची तर तिथे गर्दी आहे. ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायचं का, यावर १९९५ साली सार्वमत झालं. लोकांनी साफ नकार दिला.

कॅरिबियन समुद्र तिथून बराच दक्षिणेला. बर्म्युडा अटलांटिकमध्ये, ३२ अंश उत्तरेला. सगळ्यात जवळची मुख्य भूमी अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना, तेही हजारेक किलोमीटरवर. गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाच्या उबदार पाण्यामुळे इतक्या उत्तरेलाही प्रवाळ वाढतं.

ज्वालामुखी होता, पण तो विझून तीन कोटींहून जास्त वर्षं झाली. आज पायाखाली आहे तो शिंपल्यांच्या वाळूचा चुनखडक. त्यात पाणी मुरून जातं, म्हणून नदी एकही नाही. घरांवर चुना फासलेली पायऱ्यापायऱ्यांची पांढरी छपरं असतात. पावसाचं पाणी त्यांवरून घराखालच्या टाकीत उतरतं. ही सोय कायद्यानेच सक्तीची आहे. फॉरवर्ड करण्याजोगं खरं तर हे.

मूळ रहिवासी नव्हतेच. १५०५च्या सुमारास स्पॅनिश खलाशी हुआन दे बर्मूदेस तिथे पोचला, तेव्हा बेटांवर माणूस नव्हता. इंग्रजांची वसाहत १६१२ची. त्यांना दोष द्यायचाच तर गुलामगिरीचा द्या. ती १८३४पर्यंत चालली आणि आजचे बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय आहेत.

राहिली जहाजं. 'बर्म्युडा ट्रँगल' हे नाव १९६४ साली एका मासिकातल्या लेखाने रूढ केलं. त्रिकोणाची उरलेली दोन टोकं मायामी आणि पोर्तो रिकोतलं सान हुआन. १९४५ साली बेपत्ता झालेली अमेरिकी नौदलाच्या 'फ्लाइट १९' तुकडीची विमानंसुद्धा फ्लोरिडाहून सरावाला निघाली होती. बेटाभोवती जहाजं फुटली, भरपूर फुटली, कारण पाण्याखाली दूरवर पसरलेले प्रवाळाचे खडक. १६०९ साली वादळात गळू लागलेलं 'सी व्हेंचर' तर कप्तानमंडळींनी मुद्दामच या खडकांवर चढवलं. ते जहाज परत गेलं नाही, हे कबूल. त्यावरचे दीडशेच्या आसपास लोक मात्र सगळे वाचले. तिथल्याच सीडरच्या लाकडाची दोन जहाजं बांधून त्यांतले बहुतेक जण पुढच्या वर्षी व्हर्जिनियाला पोचले.