ओव्हरलोड रिले डायरेक्ट का केला नाही: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तक्रारी चार आहेत. चिलर (इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) सारखा ट्रिप होत होता, म्हणजे आपोआप बंद पडत होता, तेव्हा ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारं संरक्षण) डायरेक्ट करून, म्हणजे वगळून, द्या असं सांगूनही आमच्या माणसांनी ऐकलं नाही. काम झाल्यावरही यंत्र तासन्‌तास बंद ठेवलं. तीन कॉन्टॅक्टरपैकी (मोटरचा पुरवठा जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) एकाच्याच टिप्स, म्हणजे आतले एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे, बदलल्या, बाकीच्या काळ्या पडलेल्या तशाच सोडल्या. आणि सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) सुचवला नाही, तो बसवला असता तर बिल कमी झालं असतं.

इमारत तापलेली आणि वरच्या मजल्यांवरून फोनवर फोन, अशा वेळी प्लांट सांभाळणाऱ्याचं काय होतं ते आम्ही जवळून बघतो. तुमचा राग समजतो. पण रिले डायरेक्ट करा असं उद्या पुन्हा सांगितलंत तरी आमचं उत्तर नाहीच असेल. ही मागणी आमच्याकडे वारंवार येते, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

तुमच्या चिलरला स्टार-डेल्टा स्टार्टर आहे, म्हणजे मोटरची तीन वाइंडिंग (तारांची वेटोळी) सुरुवातीला स्टार आणि मग डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडणारा. मोटर आधी स्टारमध्ये उठते, तेव्हा लाइनचा करंट डायरेक्ट स्टार्टच्या एक तृतीयांश असतो, आणि टॉर्कही (फिरवण्याचा जोर) तेवढाच. कॉम्प्रेसर अनलोड होऊन, म्हणजे अगदी कमी भारावर, सुरू होत असल्यामुळे तेवढ्या टॉर्कवर भागतं. मोटर वेगात आली की टाइमर तिला डेल्टात टाकतो. तुमच्या पॅनलमध्ये ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या वाटेत बसवलेला आहे. डेल्टात वाइंडिंगमधून लाइनच्या करंटच्या ५८ टक्केच करंट जातो. म्हणून ३०० अँपिअरच्या मोटरला तिथला रिले १७४ वर लावलेला होता, आणि ते सेटिंग बरोबर होतं. तुमच्या इलेक्ट्रिशियनला वाटलं की नेमप्लेटवर ३०० आणि रिलेवर १७४, म्हणजे रिले खाली लावला आहे, तो ३०० वर न्या. रिले वरच्या इनकमरला, म्हणजे पॅनलमध्ये येणाऱ्या मुख्य लाइनला, असता तर त्यांचं म्हणणं पटलं असतं. या जागी ३०० लावणं म्हणजे मोटरचं संरक्षण काढून घेण्यासारखंच आहे.

त्यांनी टोंग टेस्टर (केबलभोवती लावून करंट मोजणारं मीटर) एकाच फेजला लावला होता. २१५ अँपिअर दिसले, ३०० च्या मोटरला २१५, मग रिलेच खराब, असा निष्कर्ष निघाला. आमच्या मुलांनी तिन्ही फेज घेतले. दोन फेजवर २१५ च्या आसपास आणि तिसऱ्यावर ३७०. मग टोंग मोटरकडे जाणाऱ्या सहाही केबलींवर फिरवला. दोन वाइंडिंगमध्ये २१५, तिसऱ्यात शून्य. डेल्टा कॉन्टॅक्टरचा एक पोल (त्याच्या तीन संपर्कांपैकी एक) लागतच नव्हता, आणि मोटर दोन वाइंडिंगवर सगळा भार ओढत होती. १७४ च्या जागी २१५ म्हणजे जवळपास सव्वापट करंट. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे दीडपट. काही मिनिटांनी रिले पडत होता, आणि पडायलाच हवा होता.

तो डायरेक्ट केला असता किंवा ३०० वर नेला असता तर चिलर चालला असता, हे खरं आहे. किती वेळ चालला असता ते कोणालाच सांगता येणार नाही. तुमची मोटर हर्मेटिक आहे, कॉम्प्रेसरच्या आत रेफ्रिजरंटमध्येच बसलेली. बाहेरची मोटर जळाली तर ती उतरवायची, भरून आणायची, परत चढवायची. आतली जळाली की इन्सुलेशनच्या जळण्यातून ॲसिड तयार होतं, ते तेलात आणि गॅसमध्ये मिसळून सगळ्या सर्किटमध्ये फिरतं. मग तेल काढा, गॅस स्वच्छ करा किंवा बदला, ड्रायर (ओलावा आणि ॲसिड शोषणारा फिल्टर) बदला, ॲसिड टेस्ट करा, पुन्हा ड्रायर बदला. एका रात्रीच्या उकाड्याऐवजी आठवड्यांची बंदी आली असती. आमच्या माणसांनी नकार दिला तो तुमच्या यंत्राच्या काळजीपोटी दिला, आणि मी त्यांच्या पाठीशी आहे.

आता दुसरी तक्रार. टिप्स बसल्या, मेगर (इन्सुलेशनची चाचणी) घेतला, रीडिंग चांगलं आलं, तरी चिलर का सुरू केला नाही? पॅनलमध्ये हात घालायचा तर मेन ब्रेकर बंद करून कुलूप लावावं लागतं. तुमच्या यंत्रात कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणाऱ्या ऑइल हीटरची सप्लाय त्याच ब्रेकरवरून आहे, त्यामुळे कामाच्या वेळेत हीटरही बंद राहिला. तेल थंड झालं की रेफ्रिजरंट त्यात विरघळून बसतो. तसंच स्टार्ट केलं तर प्रेशर उतरताच गॅस एकदम सुटतो, तेलाला फेस येतो, आणि बेअरिंगला तेलाऐवजी फेस मिळतो. म्हणून तेल उत्पादकाने दिलेल्या तापमानाला येईपर्यंत थांबलो. तिथे उभ्या असलेल्या माणसाला हे नुसतं बसून राहणं वाटतं, पण ते कामाचाच भाग आहे. हीटरला वेगळा फीडर (पुरवठ्याची स्वतंत्र लाइन) दिला तर पुढच्या वेळी हा वेळ वाचेल. ते काम तुमच्या इलेक्ट्रिशियनलाही करता येईल, ड्रॉइंग आम्ही देऊ.

काळ्या टिप्सबद्दल थोडक्यात. चांदीच्या मिश्रधातूच्या टिप्स आर्कमुळे काळ्या पडतातच, आणि तो काळेपणा करंट अडवत नाही. बघायचं असतं ते चांदीची जाडी किती उरली आहे आणि स्प्रिंगचा दाब कसा आहे. मेन आणि स्टार कॉन्टॅक्टरच्या टिप्सवर चांदी भरपूर आहे. कृपया त्यांच्यावर कानस किंवा पॉलिश पेपर फिरवू नका, घासून जाते ती चांदीच. डेल्टाच्या एका पोलची चांदी संपून खालचं तांबं दिसत होतं, म्हणून त्या कॉन्टॅक्टरच्या तिन्ही पोलच्या टिप्स आणि स्प्रिंग मिळून पूर्ण सेट बदलला. एकच पोल बदलला असता तर तिन्ही सारखे लागले नसते.

सॉफ्ट स्टार्टर चांगली गोष्ट आहे, आम्ही बसवतोही. स्टारमधून डेल्टात जाताना मोटर क्षणभर सुटते आणि पुन्हा जोडताना करंटचा झटका येतो, तो सॉफ्ट स्टार्टरने जातो. जनरेटरवर चालणाऱ्या प्लांटला याचा चांगला उपयोग होतो. पण त्याचं काम सुरुवातीच्या काही सेकंदांपुरतं. मोटर वेगात आली की बायपास कॉन्टॅक्टर लागतो आणि पुढे दिवसभर मोटर तेवढीच वीज घेते. बिल कमी करू शकतो तो व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह), कारण तो वेग बदलतो. आणि तोही चिलर बराच काळ कमी लोडवर, थंड कंडेन्सर वॉटरवर चालत असेल तेव्हा. सतत फुल लोडवर चालणाऱ्या चिलरला व्हीएफडी लावला तर त्याचा स्वतःचा लॉस वरून मोजावा लागतो, शिवाय हार्मोनिक्सचा (विजेच्या लहरीत येणाऱ्या विकृतीचा) विचार वेगळा. तुमचं लॉगबुक पाहता यंत्र बहुतेक वेळ किती लोडवर असतं याच्या नोंदीच नाहीत. त्या नसताना मी बचतीचं आश्वासन देणार नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या अभिप्रायात आलेली नाही आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. डेल्टाच्या टिप्स इतक्या लवकर का संपल्या? कंट्रोलरच्या हिस्ट्रीत स्टार्ट एकामागून एक पडलेले आहेत, आणि दोन स्टार्टमधला किमान वेळ कोणीतरी कमी करून ठेवला आहे. प्रत्येक स्टार्टला टिप्सवरची थोडी चांदी उडते आणि रोटर तापतो. मोटर गरम असताना लागोपाठ स्टार्ट ती सोसत नाही. नेमा या अमेरिकी विद्युत उत्पादक संघटनेच्या एमजी-१ या मोटरच्या मानकातही थंड मोटरला लागोपाठ दोन आणि गरम मोटरला एकच स्टार्ट धरलेला आहे. आम्ही तो टाइमर उत्पादकाच्या आकड्यावर परत नेला आहे. चिलर बंद झाल्यावर स्क्रीनवर उलटी मोजणी दिसेल, ती संपू द्या. यंत्र वारंवार बंद होण्याचं मूळ चिल्ड वॉटरच्या सेटपॉइंटमध्ये (ठरवून दिलेल्या तापमानात) किंवा फ्लो स्विचमध्ये (पाणी वाहतंय का ते बघणाऱ्या स्विचमध्ये) असू शकतं. ते बघायला आम्ही यायला तयार आहोत, लोड असतानाची वेळ तेवढी कळवा.

काढलेला टिप्सचा सेट तुमच्या पॅनल रूममध्ये ठेवला आहे. तुमच्या इलेक्ट्रिशियनना तो दाखवा, आणि पुढच्या वेळी आमच्याबरोबर सहाही केबलींवर टोंग लावायला त्यांना पाठवा. रिलेच्या कव्हरवर आतून १७४ आणि ५८ टक्क्यांचा हिशोब लिहून चिकटवला आहे, तो काढू नका.