टीएमटी पॉझिटिव्ह म्हणजे थेट अँजिओग्राफी नव्हे

टीएमटी म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी; अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या नळ्यांत डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून ब्लॉकेज बघणं; स्टेंट म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी. खान्देशातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणाऱ्या सल्ल्याचा मतलब असा: “टीएमटी पॉझिटिव्ह म्हणजे नळी बंद झालीच. पॉझिटिव्ह ती पॉझिटिव्ह, थेट नाशिक नाहीतर सुरत गाठा, अँजिओग्राफी करा. ब्लॉकेज दिसला की स्टेंट टाका, अटॅक टळतो.”

“नळी बंद झालीच”: असं नसतं. चालताना ईसीजीतली एसटी रेषा (प्रत्येक ठोक्याच्या आलेखातला एक तुकडा) सपाट किंवा उतरती होऊन 1 मिमी वा जास्त खाली गेली, एवढाच पॉझिटिव्हचा अर्थ. बायकांमध्ये, रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड झालेल्यांत, डिगॉक्सिन (हृदयाचं एक औषध) घेणाऱ्यांत, पोटॅशियम किंवा रक्त कमी असलेल्यांत ती ब्लॉकेज नसतानाही खाली जाते. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल (रक्त कमी करणारा आनुवंशिक आजार) आहे; तिथल्या माणसाचं हिमोग्लोबिन न बघता सुरतेची गाडी ठरवणं आम्हाला पटत नाही.

“पॉझिटिव्ह ती पॉझिटिव्ह”: खरा घोळ इथेच. रिपोर्टची शेवटची ओळ वाचून फाइल मिटतात, आकडे आतच राहतात. टीएमटीच्या नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर 3 मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. चाललेल्या मिनिटांतून एसटीच्या मिमीची 5 पट वजा करा. छातीत दुखलं तर आणखी 4, दुखण्यामुळे थांबावं लागलं तर 8. हा ड्यूक स्कोअर. समजा रावेरचा केळीवाला 10 मिनिटं चालला, एसटी 1 मिमी खाली, दुखलं काहीच नाही: 10 − 5 = 5, धोका कमी. दुसरा चौथ्या मिनिटालाच छाती धरून थांबला, एसटी 2 मिमी: 4 − 10 − 8 = उणे 14. उणे 11 किंवा त्याखाली धोका जास्त. शिक्का दोघांवर एकच! दुसऱ्याने मात्र अँजिओग्राफी लांबवू नये. चालताना वरचा रक्तदाब चढायचा सोडून सुरुवातीपेक्षा खाली आला, तरी तेच.

“थेट अँजिओग्राफी”: मधल्या स्कोअरवाल्यांसाठी (धोका ना कमी ना जास्त) आधी स्ट्रेस इको (ताण देऊन हृदयाची सोनोग्राफी), थॅलियम (हृदयाला रक्त कुठे कमी पोचतं ते दाखवणारा स्कॅन) किंवा सीटी अँजिओग्राफी (सीटी स्कॅनवर नळ्या बघणं) असते. सीटीला नाडी मिनिटाला साधारण 60 पर्यंत खाली आणावी लागते, त्यासाठी गोळी देतात. डाय टोचायचा असतो, म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी बघतात. नळीत कॅल्शियम फार असेल तर ब्लॉकेज आहे त्याहून मोठा दिसतो; अशा वेळी पहिल्या दोन तपासण्या बऱ्या.

“स्टेंटने अटॅक टळतो”: अटॅक चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, त्यात वाद नाही. त्रास स्थिर असलेल्यांचं वेगळं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्किमिया’ चाचणीत 5179 रुग्ण होते. आधी अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास झालेले आणि आधी औषधांवर ठेवलेले, यांच्यात मृत्यू आणि अटॅक मिळून ठळक फरक पडला नाही. छातीचं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं. डाव्या मुख्य नळीत मोठा ब्लॉकेज असलेले त्यात घेतले नव्हते, म्हणून त्यांना हा निष्कर्ष लावू नये. बाकीच्यांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), रक्तदाब-साखरेच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात आणि तंबाखूची पुडी टाकून द्यावी.

बसल्या जागी छातीत दाटून घाम फुटला, तर हा सगळा हिशोब बाजूला. टीएमटीला जायचं नाही. 108 लावा, जवळ असेल तिथे ईसीजी काढा.