‘घरात एकच जीमेल ठेवा’ म्हणणाऱ्यांना

सांगली-मिरजेच्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर साधारण असा: “घरातल्या सगळ्या मोबाईलना आणि लॅपटॉपला एकच जीमेल टाका. फोटो, नंबर सगळ्यांना सगळीकडे दिसतील. एकदा क्लाउडवर गेलं की मोबाईलमधलं बिनधास्त डिलीट करा, जागा मोकळी. मोबाईल हरवला, पुरात गेला तरी काही जात नाही. एक रुपया लागत नाही. मुलं काय बघतात तेही कळतं.” खाली जोडलेले हात आणि ‘आपल्या माणसांना नक्की पाठवा’.

पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण विश्रामबागेत आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि हा सल्ला मानलेली घरं आमच्या काउंटरवर येतात तेव्हा ‘ताई, आता परत मिळेल का?’ एवढंच विचारायचं उरलेलं असतं. म्हणून त्या मेसेजचं एकेक वाक्य घेते. क्रम मात्र माझा.

पुराचं वाक्य आधी, कारण सांगलीत हा मेसेज चालतो तो त्या वाक्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०२१ च्या जुलैत पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. गावभागात, सांगलवाडीत लोकांनी लग्नाचे अल्बम चिखलातून काढून गच्चीवर वाळत घातले होते, आणि त्यातली चिकटलेली पानं सोडवताना फोटोतली तोंडंच निघून आली. अशा गावात कुणी म्हटलं की फोटो आता पाण्यात जाणार नाहीत, तर माणूस विश्वास ठेवणारच. आणि ते खोटंही नाही. वर, म्हणजे क्लाउडवर, कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरांवर गेलेली प्रत पुरापासून सुरक्षित असते.

प्रश्न ती वर गेली का, हा आहे. गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू केला तरी तुम्ही वेगळं सांगेपर्यंत ते ॲप वाय-फायची वाट बघतं. वाळवा, पलूसकडच्या किती घरांत वाय-फाय आहे? सगळा कारभार सिमच्या डेटावर. मग बॅकअप ‘चालू’ असतो आणि दोन वर्षांत एक फोटो वर गेलेला नसतो. ॲपमध्ये वर उजव्या कोपऱ्यात आपलं गोल चित्र असतं, त्यावर बोट ठेवलं की कळतं: बॅकअप पूर्ण झालाय, की इतके फोटो वाट बघतायत. हे बघायला फॉरवर्ड कुणी सांगत नाही. शिवाय अँड्रॉइडवर ते ॲप आपणहून फक्त कॅमेऱ्याचे फोटो घेतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि तो फोल्डर हाताने चालू करावा लागतो. आपल्याकडे भाचीच्या लग्नाचे निम्मे फोटो व्हॉट्सॲपवरूनच आलेले असतात. ते त्या फोनबरोबर जातात.

क्लाउडच्या भरवशावर न राहता एक प्रत हार्ड डिस्कवर काढा, आणि ती नदीकाठच्या घरात ठेवू नका. विट्याला मावशी असेल तर तिच्या कपाटात ठेवा. कृष्णेचा पूर विट्याला जात नाही.

आता ‘बिनधास्त डिलीट करा’. या तीन शब्दांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं पडलेल्या, भिजलेल्या फोनांनी मिळून केलं नसेल.

एका खात्यावरचे फोन सिंक होत असतात. सिंक म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं. इकडे फोटो आला की तिकडे दिसतो, आणि इकडे उडवला की तिकडूनही उडतो. तुम्ही जागा करायला उडवताय की नको म्हणून उडवताय, हे फोनला कळत नाही. तो फक्त बटण ओळखतो. गुगल फोटोजमध्ये फोटो उघडून कचऱ्याच्या डब्यावर बोट ठेवलं, तर तो फोनमधून जातो, क्लाउडवरून जातो आणि त्या खात्यावर असलेल्या प्रत्येक फोनवरून जातो. त्याच ॲपमध्ये गोल चित्राच्या मेनूत जागा मोकळी करण्याचं वेगळं बटण आहे. ते फक्त वर गेलेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढतं. एकाच ॲपमधली ही दोन बटणं, आणि फॉरवर्ड दोघांनाही ‘डिलीट’ म्हणतो. फोनच्या कंपनीची स्वतःची गॅलरी असेल तर तिचं आणखी तिसरंच: कुठे फक्त फोनमधला फोटो जातो, तर कुठे ती गॅलरी दुसऱ्या क्लाउडला जोडलेली असते आणि दोन्हीकडचा जातो. आयफोनवर आयक्लाउड फोटो चालू असेल तर कुठूनही उडवा, सगळीकडून उडणार.

तासगावकडचं एक द्राक्षवाल्यांचं घर. वडील शेतात, मुलगी पुण्यात हॉस्टेलला, दोघांच्या फोनवर एकच खातं. वडिलांना आपल्या फोनवर अनोळखी पोरींचे, कॅन्टीनचे फोटो दिसले. ‘हे कुणाचे आपल्याकडे आले’ म्हणून त्यांनी ते साफ केले. तिकडे मुलीला पानांचे आणि तडकलेल्या मण्यांचे शेकडो फोटो दिसले. बाबा इतके फोटो कशाला काढतात म्हणत तिने ते साफ केले. ते अवकाळीनंतर पंचनाम्यासाठी काढलेले होते. दोघांनीही आपापला फोन आवरला, बस. बॅकअप झालेला फोटो गुगलच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयफोनवर साधारण ३०. त्यांच्या लक्षात आलं दिवाळीला, सगळे एकत्र बसून फोटो बघायला लागले तेव्हा. मुदत उलटून गेली होती.

‘सगळ्यांना सगळीकडे दिसतील’ हे वाक्य फोटोंपेक्षा नंबरांच्या बाबतीत जास्त गमतीचं आहे. गमतीचं म्हणजे दुसऱ्याच्या घरात घडलं तर.

आपण नंबर नावाने कमी आणि नात्याने जास्त सेव्ह करतो. आता चार फोनांवर एक खातं टाका. मुलाची ‘आई’, सुनेची ‘आई’ आणि सासऱ्यांची ‘आई’ अशा तीन आई एका यादीत येतात. तीन ‘दादा’ येतात, चार ‘मामा’ येतात. सासरे गावाकडे आईला फोन लावतात आणि तो कऱ्हाडच्या विहीणबाईंना लागतो. त्या जावयाच्या घरून सकाळी सहाला फोन आला म्हणून घाबरून उचलतात. इथवर हसून सोडता येतं. पण कॉन्टॅक्ट्सचं ॲप मग मदतीला धावतं: सारखी नावं दिसतायत, एकत्र करू का? कुणीतरी ‘हो’ दाबतं. तीन आया एका नावाखाली गोळा होतात आणि कुठला नंबर कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. मग घरातलं एखादं नीटनेटकं माणूस यादी आवरायला बसतं आणि ओळख न पटलेले नंबर उडवतं. त्यात ऊसतोडीच्या मुकादमाचा नंबर असतो, पोराच्या क्लासच्या सरांचा असतो, सुनेच्या डॉक्टरीणबाईंचा असतो. चौघांच्या फोनवरून एका दमात गेले.

यावर उपाय आहे. कॉम्प्युटरवर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडलं तर सेटिंगमध्ये बदल मागे घेण्याची सोय आहे, ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं. पण मागे गेलात की मधल्या दिवसांत चौघांनी घातलेले नवे नंबरही जातात. ते आधी लिहून घ्या.

रेशनकार्ड घराचं असतं, पासबुक माणसाचं असतं. गुगलचं खातं हे पासबुक आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याने त्याचं रेशनकार्ड केलंय. गोंधळाचं मूळ तिथे आहे. क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड त्या खात्याबरोबर प्रत्येक फोनवर जातात, बँकेचा असेल तर बँकेचाही. नव्या ठिकाणी लॉगिन झालं की ‘हे तुम्हीच आहात का?’ असा प्रश्न घरातल्या फोनांवर येतो, आणि ज्याच्या हातात फोन असेल तो ‘हो’ दाबतो. त्याला वाटतं मुलगाच लॉगिन करत असेल. मुलाला वाटतं बाबा करत असतील. बाहेरच्या चोराला आणखी काय पाहिजे?

लॅपटॉपबद्दल मेसेजमध्ये एकच शब्द आहे, पण तिथली डोकेदुखी वेगळी. विंडोजच्या घरगुती लॅपटॉपवर गुगलपेक्षा वनड्राइव्हच, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं क्लाउडच, जास्त आडवं येतं. सेटअपच्या वेळी ‘पुढे, पुढे’ करत गेलात की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरच वनड्राइव्हमध्ये हलतात. फाईलच्या शेजारी ढगाचं चित्र असेल तर ती फाईल लॅपटॉपमध्ये नाही, नेट असेल तरच उघडते. हिरवी खूण असेल तर ती लॅपटॉपमध्ये आहे. जतला लाइट गेली, राउटर बंद पडला, आणि सोसायटीच्या सभेचा अहवाल समोर दिसतोय पण उघडत नाही, हे असं होतं. वैतागून कुणी तो बॅकअप बंद केला तर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि घरात एकच बोंब. फाईली गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. आधी तिथे बघा, मग लॅपटॉप घेऊन धावा.

‘एक रुपया लागत नाही’. हे १ जून २०२१ पर्यंत बऱ्यापैकी खरं होतं, तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो गुगल फुकट आणि अमर्याद ठेवत असे. तेव्हापासून नवे फोटो १५ जीबीत मोजले जातात, आणि त्याच १५ जीबीत मेल आणि ड्राइव्हही आहे. २०२४ पासून अँड्रॉइडच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरला जातो. पाच माणसांची पाच खाती म्हणजे फुकटात ७५ जीबी. पाच जणांना एका खात्यात कोंबलं की १५. फुकट हवं म्हणणाऱ्याने तरी हा हिशोब करायचा होता. आणि ते भरलं की फोटो थांबतात तसे मेलही यायचे थांबतात. पोराच्या परीक्षेचं हॉलतिकीट आलं नाही म्हणून कॉलेजला शिव्या घालणाऱ्यांनी आधी आपला इनबॉक्स बघावा.

पैसे भरायचेच असतील तर गुगलचा १०० जीबीचा प्लॅन एकाने घेऊन आणखी पाच जणांना वाटता येतो. फॅमिली ग्रुप करायचा, प्रत्येकाने आपल्याच खात्यावर राहायचं. जागा सामाईक होते; फोटो आणि मेल ज्याचे त्याच्याकडे राहतात. लग्नाचे, बारशाचे फोटो सगळ्यांनी बघायचे असतील तर शेअर केलेला अल्बम आहे. नवरा-बायकोला एकमेकांचे फोटो आपोआप हवे असतील तर पार्टनर शेअरिंग आहे. मेसेज लिहिणाऱ्याला जे हवं होतं ते सगळं मिळतं, तेही दुसऱ्याच्या आईला फोन न लावता.

मुलांवर लक्ष ठेवण्याबद्दल थोडक्यात. एका खात्यावर तुम्हाला त्याचं दिसतं तसं त्याला तुमचंही दिसतं: तुमचे सर्च, तुमचे मेल, आजीच्या रिपोर्टचे फोटो, बँकेची पत्रं. यूट्यूब तर कुणाचंच राहत नाही. काकूंच्या अभंगांच्या मध्ये पोराच्या गेमचे व्हिडिओ आणि पोराच्या गेममध्ये हळदीचे भाव. तेरा वर्षांखालच्या मुलासाठी गुगलचं फॅमिली लिंक ॲप आहे, त्यात मुलाचं खातं वेगळं राहतं आणि वेळेची, ॲपची मर्यादा आईबाप घालू शकतात. मोठ्या पोराशी बोलावं लागतं. त्या बोलण्याला ॲप नाही.

ज्यांनी एकच खातं करून ठेवलंय त्यांनी आज रात्रीच सगळं उपटायला बसू नका, घाईत आणखी जाईल. आधी कॉम्प्युटरवर गुगल टेकआउट उघडून त्या खात्याची पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर उतरवा. फाईली मोठ्या असतात, डाउनलोड रात्रभर चालतं. नंबरांची यादी वेगळी एक्सपोर्ट करा आणि प्रत्येकाला आपापले नंबर त्यातून निवडू द्या. या कामाला एक रविवार जातो आणि घरात भांडणंही होतात, पण ते दुसऱ्या कुणाला सांगून होत नाही. मग प्रत्येक फोनवर ज्याचं त्याचं खातं टाका आणि नवे नंबर कुठे सेव्ह व्हायचे ते त्या खात्यावर लावा. रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला, चालू असलेला, स्वतःचा मोबाईल नंबर द्या. बंद पडलेलं सिम काही काळाने दुसऱ्याच्या नावावर जातं आणि मग तुमचा ओटीपीही त्याच्याकडे. आजी-आजोबांच्या खात्यात घरातल्या एकाचा रिकव्हरी ईमेल असू द्या, आणि ते खातं अधूनमधून वापरात ठेवा. दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गुगल ते पुसू शकतं.

हे झालं की मगच फोनांवरून सामाईक खातं काढा. काढल्यावर त्या खात्यातले नंबर फोनवर दिसेनासे होतील, घाबरू नका, ते खात्यात आहेत. पासवर्ड सगळ्यांत शेवटी बदला. बदललात की सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ‘तुमची डिव्हाइस’ ही यादी उघडून बघा. मागच्या दसऱ्याला एक्सचेंजमध्ये दिलेला फोन तिथे अजून लॉगिन असलेला कधीकधी सापडतो.