‘योजना आवळा, कर घटवा’: हिशोब तर मांडू

वाडीवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सरकारी आरोग्य विमा ही फुकट्यांची चैन आहे. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत आवळा, वाचलेल्या पैशांत आयकर कमी करा. ज्याला विमा हवा तो स्वतः काढेल. अमेरिकेनंही तेच केलं. पुढे पाठवणाऱ्यांतल्या कित्येकांच्या खिशात याच योजनेचं कार्ड असेल. असो. एकेक मुद्दा घेऊ.

‘कर आम्ही भरतो, उपचार ते घेतात.’

‘ते’ म्हणजे नक्की कोण? 1 जुलै 2024 पासून महाराष्ट्रात ही योजना पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा सगळ्या शिधापत्रिकांना लागू आहे. मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख. म्हणजे रत्नागिरीतला बँक अधिकारीही ‘ते’मध्येच मोडतो. राहिला कर. काजू कारखान्यात बिया फोडणारी बाई आयकर भरत नाही, पण तिच्या साबणावर जीएसटी आहे आणि ती ज्या रिक्षानं येते त्या रिक्षाच्या इंधनावर कर आहे. आयकर न भरणारा फुकट्या, असं म्हणायचं तर 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेला पगारदारही फुकट्याच ठरेल. शिवाय जो आयकर भरतो त्याच्या करावर 4 टक्के उपकर लागतो आणि त्याचं नावच ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ आहे. त्या नावानं घेतलेले पैसे आरोग्यावर खर्च झाले तर तक्रार कसली?

‘वाचलेल्या पैशांत कर कमी होईल.’

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयुष्मान भारत योजनेसाठी तरतूद होती 9,406 कोटी रुपयांची. त्याच अर्थसंकल्पातल्या आयकर सवलतीमुळे सरकारनं सोडलेला महसूल सुमारे 1 लाख कोटी. त्याआधी सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनंच सांगितलेला आकडा 1 लाख 45 हजार कोटींचा होता. म्हणजे केंद्राचा वाटा उद्या पूर्ण बंद केला तरी एका अर्थसंकल्पातल्या सवलतीचा दहावा भागसुद्धा भरून निघत नाही. समजा, ते 9,406 कोटी 3 कोटी करदात्यांत सारखे वाटले. माणशी वर्षाला 3,135 रुपये, महिन्याला 261. एप्रिलमध्ये चांगल्या हापूसची एक डझनाची पेटीसुद्धा यात येणार नाही. आणि ज्याचा आयकर मुळात शून्य आहे त्याला सवलत मिळणार शून्याचीच.

‘ज्याला हवा तो खासगी विमा घेईल.’

इथे जरा थांबूया, कारण पॉलिसीची बारीक अक्षरं फारसं कोणी वाचत नाही.

खासगी पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या पन्नाशीच्या माणसानं आज पॉलिसी घेतली, तर त्या आजारातून उद्भवलेल्या दुखण्याचा दावा तीन वर्षं अडू शकतो. सरकारी योजनेत अशी वाट बघावी लागत नाही.

दुसरा खड्डा खोलीभाड्याचा. तीन लाखांची पॉलिसी, खोलीची मर्यादा रोज 1 टक्का, म्हणजे 3,000. रुग्णालयात त्या दराची खोली शिल्लक नाही म्हणून 6,000 ची घेतली. लोकांना वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू. पण अशा पॉलिसीत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांसारखे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात निम्मे कापले जातात. तिथे एकदम लाखभराचा फटका बसू शकतो. सरकारी योजनेत उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं: खाट, औषधं, तपासण्या, जेवण सगळं त्यातच.

विम्याच्या हप्त्यावर आयकरात मिळणारी 80डी कलमाची वजावट नव्या कर पद्धतीत मिळत नाही. आणि जो आयकरच भरत नाही त्याला ती जुन्या पद्धतीतही निरुपयोगी.

‘बंद करा म्हणत नाही, थोडी कात्री लावा.’

कात्री एका झटक्यात लागत नाही. पॅकेजचे दर वर्षानुवर्षं तेच ठेवले जातात आणि रुग्णालयाची देणी रखडतात. मोठ्या शहरातलं रुग्णालय ते सोसतं. पण एक-दोन सर्जन असलेलं, तालुक्याच्या गावातलं पंचवीस-तीस खाटांचं रुग्णालय भूलतज्ज्ञाचे आणि इम्प्लांटवाल्याचे पैसे किती महिने थकवणार? ते योजनेतून बाहेर पडतं. कागदावर योजना चालूच राहते, फक्त जवळचं दार बंद होतं.

कोकणात जवळचं दार बंद होणं म्हणजे काय, ते नकाशा बघितला की कळतं. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, कणकवलीहून फोंडा घाट, नाहीतर खाली गोव्यात बांबोळी. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. भातलावणीत लेप्टोनं (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला ताप) मूत्रपिंड धरलं, माडावरून पडून मणका मोडला, आठवड्याला तीन डायलिसिस लागले, तर पहिला खर्च गाडीभाड्याचा आणि सोबत राहणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा. तो कुठल्याच पॅकेजमध्ये नाही. त्यावर उपचाराचं बिलही आलं की सोनं पतसंस्थेत जातं, किंवा मोहर यायच्या आधीच आंब्याची कलमं पडेल त्या भावानं कराराने दिली जातात. सरकारच्या वहीतून कमी झालेला खर्च असा घराच्या वहीत चढतो, वर व्याज लागतं ते निराळंच.

‘अमेरिकेनंही केलं.’

खरंय. 4 जुलै 2025 ला तिथे कायदा झाला. करसवलती वाढल्या, गरिबांच्या ‘मेडिकेड’ विम्याला कात्री लागली. तिथल्याच संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की 2034 पर्यंत सुमारे 1 कोटी माणसं त्यामुळे विम्याबाहेर जातील. कायद्यातली एक अट अशी, की अनेक धडधाकट प्रौढांनी महिन्याला 80 तास काम केल्याचं दाखवायचं. आर्कान्सा राज्यात 2018 मध्ये अशीच अट लावली तेव्हा काही महिन्यांत 18 हजारांवर लोकांचा विमा गेला. त्यात काम करणारेही होते. नोंद करणंच त्यांना जमलं नाही. ही अट हर्णै बंदरात लावून बघा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत खलाशानं 80 तास कुठून दाखवायचे? आणि पावसात लेप्टो तर नेमका तेव्हाच.

‘नुसते घोटाळे चालतात.’

चालतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात 9999999999 या एकाच मोबाइल नंबरावर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी नोंदलेले सापडले. पण खोटी बिलं लावायला रुग्णालयाचं लॉगिन लागतं. मणका मोडून खाटेवर पडलेल्या माणसाला ते जमणारं नाही. रुग्णालयाच्या अपराधाला रुग्णाचं कार्ड रद्द करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

रोजचा घोटाळा वेगळाच असतो: मंजुरी मिळालेली असतानाही ‘वरचे’ पैसे मागणं. म्हणून दाखल होतानाच आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर जा, शिधापत्रिका आणि आधार द्या, पूर्वमंजुरी आली का ते विचारा. तातडीची केस असेल तर दूरध्वनीवरूनही मंजुरी घेता येते, कागद नंतर देता येतात. पॅकेजमधल्या गोष्टीसाठी पैसे मागितले तर पावती मागा आणि 155388 वर तक्रार नोंदवा. घरी सोडताना परतीचं एसटीचं भाडंही मागा, तेही पॅकेजमध्येच आहे.