दोन हजार चारशे हाका

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी पोहे असतात आणि पोह्यांबरोबर मला हाका असतात. "लिंबू आण." "जीरावण कुठे ठेवलंस?" "अरे, गॅस बारीक कर." दर हाकेला उठायचं, काम उरकायचं, परत लॅपटॉपसमोर बसायचं आणि आपण नक्की कुठे होतो ते आठवत बसायचं. वर्षानुवर्षं हे मी मुकाट्यानं सोसलं. पण हेच हाल एका प्रोसेसरचे होताना पाहिले आणि पोटात तुटलं.

ऑफिसनं एक छोटा बोर्ड घरी पाठवला होता. त्याला एसपीआय बसवर, म्हणजे एकेक बिट धाडणाऱ्या मोजक्या तारांवर, ३२० बाय २४० ठिपक्यांचा स्क्रीन जोडलेला. एका ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एक चित्र १,५३,६०० बाइटचं. बसच्या तोंडाशी फिफो नावाची टोपली असते, ती इथे ६४ बाइटची. टोपली रिकामी झाली की प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हाक. भागाकार करून पाहा: एका चित्रापायी २,४०० हाका! आईसुद्धा एवढ्या मारत नाही, निदान एका रविवारात तरी नाही.

यावर उतारा डीएमएचा, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता माल हलवण्याच्या सोयीचा. प्रोसेसरनं माल मेमरीत कुठे आहे आणि किती आहे, एवढं एकदा सांगायचं. डीएमए कंट्रोलर परस्पर उचलतो, बसवर ओततो आणि शेवटी एकदाच हाक मारतो. "ड्रायव्हरमध्ये डीएमए घालायचा ना? दोन दिवसांचं काम," असं मी मीटिंगमध्ये बोलून गेलो. मीटिंगला बसताना तोंडात जिलबी ठेवावी, ती याचसाठी.

चाचणीला राजवाड्याचा फोटो घेतला. पहिल्या दिवशी पडदा काळाच. एसपीआयवर एक बाइट बाहेर गेला की एक आत येतोच, तुम्हाला हवा असो नसो. आत येणारं कोणी उचलत नव्हतं, आत येणाऱ्या मालाची टोपली भरून सांडली आणि एसपीआय कंट्रोलर रुसून बसला. २०१७ ते २०२३ सलग स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या गावात राहून मी कचरा उचलायची सोय विसरलो होतो! आत येणारं उचलायला दुसरा डीएमए चॅनल लावला, तेव्हा राजवाडा उमटला.

उमटला, पण सातही मजल्यांवर पोहे सांडलेले. आदल्या चाचणीतला पोह्यांच्या बशीचा फोटो मधूनमधून डोकावत होता, बारीक आडव्या पट्ट्यांनी. दोन रात्री वायर बदलण्यात गेल्या. तिसऱ्या रात्री पडद्याला नाक लावून एक पट्टी मोजली. बरोब्बर ३२ ठिपके, म्हणजे ६४ बाइट. या प्रोसेसरच्या कॅशची, म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या झटपट मेमरीची, एक ओळ तेवढीच असते. मग डोक्यात उजेड पडला, कारण ही भानगड आमच्या घरी दर महिन्याला होते. दूध किती जादा घेतलं ते आईच्या डोक्यात असतं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती सवडीनं लिहिते. बाबा तिला न विचारता कॅलेंडर पाहून दूधवाल्याचा हिशोब करतात, आणि मग दारात जे होतं ते अख्खी गल्ली ऐकते. प्रोसेसरनं नवं चित्र कॅशमध्ये लिहिलं होतं, डीएमए थेट मेमरीतलं जुनं वाचत होता. मी बफर, म्हणजे चित्राची मेमरीतली जागा, सुरुवातीला एकदा मॅप करून डीएमएच्या हवाली केला आणि पुढे सिंक करायचं, म्हणजे कॅशमधलं मेमरीत उतरवायचं, साफ विसरलो. दर चित्राआधी कोडची एक ओळ घातली: आधी कॅलेंडरवर लिही, मग बाबांना पाठव.

राहता राहिला उजवीकडचा खालचा कोपरा. तिथले शेवटचे काही ठिपके दर वेळी गायब. डीएमए म्हणे, काम झालं. आमच्या कॉलनीच्या गणपतीत पंगतीला वाढणारा पोरगाही असाच आतून ओरडतो, "कढई रिकामी!" कढई रिकामी खरी, पण जिलब्या अजून त्याच्या हातातल्या ताटात असतात. तेवढ्यात काका पंगत उठवतात आणि शेवटचा पाहुणा कोरडाच उठतो. डीएमएचं काम फिफोत टाकलं की संपतं, फिफोतलं तारेवर जायचं बाकी असतं. मी घाईघाईनं चिप सिलेक्टची, म्हणजे स्क्रीनला "ऐकत राहा" सांगणारी, रेघ सोडून पंगत उठवत होतो. बस मोकळी होईपर्यंत थांबायला शिकवलं आणि कोपरा भरला.

एवढं करून स्क्रीन काही बाबतीत आधीपेक्षा मंद! मोठी चित्रं झरझर, पण एका बाइटची आज्ञा, चार बाइटचे पत्ते, असल्या चिल्लर कामांतही डीएमएला बोलावणं धाडलं जात होतं. बफर मॅप करा, चिठ्ठी लिहा, वाट पाहा, आवरा. तेवढ्यात प्रोसेसरनं ते चार बाइट हातानं टाकून वर चहा घेतला असता. शेवटी अट घातली: ६४ बाइट किंवा त्याहून कमी असेल तर प्रोसेसरनं स्वतः करायचं.

दोन दिवसांच्या कामाला तीन आठवडे लागले. रविवारी पोहे खाताना आईनं विचारलं, "एवढं रात्र-रात्र जागून केलंस तरी काय?" मी रंगात येऊन सगळं सांगितलं, हाका, कॅलेंडर, आणि हा बिचारा प्रोसेसर म्हणजे मीच, हेसुद्धा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मोठं काम दुसऱ्यावर सोपवायचं आणि किरकोळ असेल तर तू स्वतः उठायचं."

"अगदी बरोबर!"

"कोथिंबिरीची एक जुडी चौसष्टच्या आतच असेल ना रे?"

मी चपला घातल्या.